लीलाधरभाऊंच्या फोटोतले पाय

असोद्यात कुणाच्याही घरी जा, बैठकीच्या भिंतीवर लग्नाचा फोटो असतो आणि त्या फोटोतल्या नवरा-नवरीला पाय नसतात. शालूचा काठ जिथे सुरू व्हायचा तिथेच फोटो संपतो. नवी सून पहिल्या दिवाळीला भिंत झटकताना हे हेरते आणि सासूला विचारते. सासू म्हणते, "लीलाधरनं काढेल हाये." एवढ्यावर भागतं.

बसथांब्यासमोर 'ज्योती फोटो स्टुडिओ' आहे, तो लीलाधरभाऊंचा. भावांनी केळीची बाग सांभाळली, यांनी कॅमेरा. तरुणपणी त्यांच्याकडे यशिका होता, पेटीसारखा, समोर एकाखाली एक दोन डोळे असलेला. तो डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून काचेत बघायचं. वरच्या डोळ्यातून माणूस दिसतो, खालच्या डोळ्यातून फोटो निघतो. लीलाधरभाऊ मांडवात मान खाली घालून उभे राहिले की म्हाताऱ्यांना वाटायचं, पोरगा नमस्कार करतोय. ते आशीर्वादाला हात वर करायचे आणि फोटोत तेच यायचं. अशा उंचावलेल्या हातांचे फोटोही गावात बरेच आहेत. पाय त्यांतही नाहीत.

भाऊंची एक सवय मी, त्यांच्या शेजारच्या घरातली, लहानपणापासून पाहत आले आहे. ते नवरीची मुंडावळी सरळ करायला पुढे येतात, नवऱ्याची कॉलर नीट करतात, दोघांशी दोन शब्द बोलतात आणि मग जिथून आले होते तिथवर परत जात नाहीत. निम्म्यातच थांबतात. वर काचेत बघता बघता आणखी पाऊलभर पुढे सरकतात. त्यांना माणूस जवळून आवडतो, असं म्हणता येईल. गावाने तसं कधी म्हटलं नाही.

त्या काळी पाय न येण्याचं खापर फ्रेमवाल्यावर फुटायचं. फोटो चौरस, फ्रेम आडवी. बसवताना तो खालून कापतो, असं भाऊ सांगायचे. गावातल्या म्हाताऱ्या कौतिकआबांनी एकदा विचारलं होतं, "मंग वरून काबर नही कापत?"

"वरून कापला तं फेटा जाईन ना आबा."

आबांना फेट्याचं महत्त्व पटलं.

मग डिजिटल आलं. भाऊंनी यशिका जळगावच्या एका दुकानात देऊन टाकला आणि नवा घेतला. आता फ्रेमवाल्याच्या कात्रीचा प्रश्न नव्हता, फोटो लगेच मागच्या पडद्यावर दिसत होता आणि पाय नव्हते. तेव्हापासून वीस-बावीस वर्षं असोद्याने एकच वाक्य ऐकलं. "तो कॅमेरा राह्यता नं, मंग दाखवलं असतं!" डिजिटलमध्ये जीव नाही, त्याला माणूस कळत नाही, तो कापतो. लग्नात, मुंजीत, ग्रामपंचायतीच्या उद्घाटनात, सगळीकडे हे वाक्य भाऊंच्या गळ्यातल्या पट्ट्यासारखं त्यांच्यासोबत असायचं.

भाऊंच्या बायकोला, ज्योतीकाकूंना, ते सर्वांत जास्त वेळा ऐकावं लागलं. काकू शिंदखेड्याच्या. इतकी वर्षं असोद्यात राहूनही त्यांच्या बोलण्यातला 'आहे'ऐवजीचा 'शे' गेला नाही, आणि रागात तर सगळी अहिराणीच. "तो कॅमेरा, तो कॅमेरा," त्या म्हणायच्या, "एवढी मनी आठवण कधी काढी नही."

खरी पंचाईत नूतनच्या वेळी झाली. नूतन त्यांची एकुलती एक मुलगी. स्थळांना पाठवायचा उभा फोटो घरचा बाप फोटोग्राफर असताना बाहेरून काय काढायचा? भाऊंनी काढला. चेहरा सुरेख आला, साडीच्या निऱ्याही मोजून घ्याव्यात अशा, आणि खाली पाय नव्हते. जामनेरच्या एका घरी तो फोटो गेला. आता उभ्या फोटोत मुलीचे पाय नसले की बायका काय समजतात, हे सांगायला नको. ती मंडळी बघायला आली ती मनात एकच गोष्ट धरून.

मुलाच्या आईने पाणी मागितलं. नूतनने आतून आणून दिलं. थोड्या वेळाने त्यांना पुन्हा तहान लागली. मग मावशीला लागली. मग आत्याला. नूतन आतबाहेर करत होती आणि सोफ्यावरच्या सगळ्या नजरा फरशीवर होत्या. पुढच्या पेल्याला मात्र तिने ट्रे टेबलावर ठेवला.

"पाय बघायचेत ना?" तिने साडी वीतभर उचलली. "हे घ्या. दोन आहेत, सारखे आहेत. आता तुमच्या मुलाचे दाखवा. त्याच्या फोटोत बूट होते."

मुलगा, चंदन त्याचं नाव, खाली वाकला आणि खरंच बूट काढू लागला. उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला होता. नूतन हसली. ते लग्न तिथेच ठरलं.

मुलीच्या लग्नात भाऊ कन्यादानाला बसले, म्हणून फोटोग्राफर बाहेरचा आणावा लागला. असोद्यातला पाय असलेला अल्बम तेवढा एकच. तो चाळताना भाऊ म्हणतात, "त्या फोटोवाल्या पोराला चेहरे कळत नही."

तर गेल्या दिवाळीनंतर नूतनने जामनेरहून बापाच्या मोबाइलवर एक फोटो पाठवला. दोन डोळ्यांचा यशिका, चामड्याच्या पिशवीसकट, विकणे आहे, धुळे. खाली तिने लिहिलं होतं, 'पप्पा, घ्या हा. पैसे मी देते. आणि मग ते वाक्य बंद.'

काकूंना वाटलं, माणूस उड्या मारेल. भाऊंनी मोबाइल उलटा करून टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी म्हणाले, रोल कुठे मिळतो आता? नूतनने मुंबईहून दोन रोल मागवून दिले. म्हणाले, धुवायचं औषध मिळणार नाही. तेही आलं. मग म्हणाले, लग्नसराई आहे. मग कापसाची वेचणी आहे, जणू कापूस तेच वेचणार होते. धुळ्याची बस बरोबर नाही, एवढ्या जुन्या वस्तूचा काय भरवसा, विकणारा कोण माणूस आहे कुणास ठाऊक. हे सगळं ऐकत काकू एका दुपारी भाकरी थापता थापता थांबल्या. परातीतलं पीठ बोटांवरून खरवडत त्यांनी नवऱ्याकडे नीट बघितलं. ज्या माणसाने बावीस वर्षं एक गोष्ट मागितली, तो ती मिळतेय म्हटल्यावर घाबरला होता.

"उद्या जायचं," त्या म्हणाल्या. "मी बी येस. धुळ्याहून मायेरले जाई येसू."

पुढचं सगळं मला काकूंनी सांगितलेलं आहे. भाऊंना विचारलं तर कदाचित वेगळं निघेल.

एरंडोल, पारोळा करत बस धुळ्याला पोचेपर्यंत भाऊ खिडकीबाहेर बघत होते. आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत सुगनचंद शेठचं कापडाचं दुकान होतं. शेठ वयस्कर, पांढरा सदरा, गादीवर बसलेले. दुकानाचं नवं काम चाललं होतं. काच बसत होती, जुनी लाकडी कपाटं बाहेर पडली होती, आणि त्याच आवराआवरीत कॅमेरा विकायला निघाला होता. जाहिरात दिली होती सुनेने, हिनाने. शेठचा विकण्याचा विचार दिसत नव्हता.

"या, या भाऊसाहेब. वहिनी, बसा. आधी चहापाणी, मग धंद्याची गोष्ट."

चहा आला, शेव आली. कॅमेरा आला नाही. शेठने चौकशी सुरू केली. गाव कोणतं, घर स्वतःचं का, भाऊ किती, शेती वाटली की एकत्र, मुलगी कुठे दिली. भाऊ शाळेतल्यासारखे सरळ बसून उत्तरं देत होते.

"दुकान घरचं आहे की भाड्याचं?"

"घरचं."

"पिणं-बिणं?"

"छे हो."

"पप्पाजी," आतून हिनाचा आवाज आला, "ते कॅमेरा बघायला आलेत."

"बेटा, वस्तू घरातून चालली. कुणाच्या घरी चालली ते बघायला नको?"

मग हिना कॅमेरा घेऊन आली. त्यावर जरीचा रुमाल टाकलेला होता. तिने तो भाऊंच्या पुढ्यात ठेवला, रुमाल उचलला आणि एक पाऊल मागे झाली. काकू म्हणतात, माझ्या तोंडात आलं होतं की पोरीला जरा चालून दाखवायला सांगा.

कॅमेरा शेठच्या धाकट्या भावाचा, मोतीलालचा. त्याला हौस होती. तो अकाली गेला. त्याची आठवण म्हणून शेठनी कॅमेरा दुकानात ठेवला आणि दर दसऱ्याला कात्री, गज आणि तराजूबरोबर त्याचीही पूजा केली. "दरवर्षी, न चुकता," शेठ म्हणाले. "वरचा डोळा बघायचा, त्याला हात नाही लावला. खालच्या डोळ्याला कुंकू लावायचं, अक्षता लावायच्या, आणि दुसऱ्या दिवशी खोबरेल तेलाच्या बोटाने स्वच्छ पुसायचं. बघा, कसा चमकतोय."

खरंच चमकत होता.

भाऊंनी कॅमेरा उचलला. त्यांनी वरचं झाकण उघडलं, मान खाली घातली आणि तसेच राहिले. काकूंना त्यांचा फक्त टाळूवरचा विरळ भाग दिसत होता. काचेत काय दिसत होतं ते त्यांनी नंतर सांगितलं. कापडाचे तागे, दारातलं ऊन, शेठ, सगळं डावीकडचं उजवीकडे गेलेलं आणि सगळं लख्ख. "काय सुंदर दिसतं हो," ते खालच्या मानेनेच म्हणाले. शेठचे डोळे भरून आले. त्यांनी आशीर्वादाला हात वर केला.

मग भाऊंनी चावी फिरवली, शटर दाबून बघितलं. चटकन आवाज झाला. मागचं दार उघडून आत बघितलं. शेवटी कॅमेरा उलटा करून त्यांनी खालच्या डोळ्याच्या काचेवर बोट फिरवलं. बोट नाकाशी नेलं. आणि झाकण लावून टाकलं.

काकूंनी हे पाहिलं. त्यांना वाटलं, जुन्या वस्तूला वास असतो, तो घेत असतील.

भाव ठरायला वेळ लागला नाही, कारण भाऊंनी घासाघीसच केली नाही. शेठ यावर थोडे नाराज झाले. घासाघीस न करणारा माणूस वस्तूची किंमत ठेवेल का, अशी शंका त्यांच्या चेहऱ्यावर होती. शेवटी त्यांनी एकच अट घातली. दर दसऱ्याला टिळा लागला पाहिजे. भाऊंनी शब्द दिला. हिना दारापर्यंत आली, काकूंच्या हातात ब्लाउजपीस ठेवला आणि हळूच म्हणाली, "सांभाळा हं त्याला." कुणाला, ते काकूंना नीट कळलं नाही.

रोल बारा फोटोंचा असतो. भाऊंनी तो पुरवून पुरवून वापरला. कौतिकआबांचा ओट्यावर उभं राहून काढला. केळीचे घड ट्रकमध्ये रचणाऱ्या माणसांचा काढला. नूतन आणि चंदन जामनेरहून खास आले. चंदनने नवे बूट घातले होते आणि फोटो होईपर्यंत तो स्वतःच्या पायांकडेच बघत होता. "वर बघा जावईबापू," भाऊ म्हणाले, पुढे आले, त्याची हनुवटी उचलली आणि निम्म्यातच थांबले. काकूंचा काढला, लिंबाच्या झाडाखाली. एवढ्या वर्षांच्या संसारात भाऊंनी काकूंचा असा ठरवून काढलेला तो पहिला फोटो.

एक उरला.

"आना इकडे," काकू म्हणाल्या. "तुमना एक मी काढस."

भाऊंनी त्यांना बाजूचं चाक कसं फिरवायचं, काचेत कसं बघायचं ते शिकवलं आणि झाडाखाली जाऊन उभे राहिले. काकू मान खाली घालून बघू लागल्या. बघत बघत मागे जाऊ लागल्या. तुळशीपाशी गेल्या, हौदाला वळसा घातला, फाटकाला पाठ लागली तेव्हा थांबल्या.

"एवढ्या दूरून काय दिसतं तुले? चेहरा तं येणार नही!"

"माले बठ्ठा माणूस पाहिजे," काकू म्हणाल्या, बठ्ठा म्हणजे अख्खा, आणि बटण दाबलं.

रोल धुवायला भाऊंनी न्हाणीघराची खिडकी कांबळ्याने बंद केली आणि दाराच्या फटीत गोधडी कोंबली. बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता आणि हातात ओली पट्टी. ती कपड्यांच्या दोरीला चिमट्याने टांगली. पट्टीवर सगळं उलटं दिसतं, काळ्याचं पांढरं. जळगावात आता त्याचे फोटो छापून देणारं कुणी त्यांना ठाऊक नव्हतं. मग नूतनने फोनवरून उपाय सांगितला. पट्टी उजेडात धरा, मोबाइलने तिचा फोटो काढा आणि रंग उलटे करा. म्हणजे ज्या कॅमेऱ्यासाठी डिजिटलला बावीस वर्षं शिव्या दिल्या, त्याचं काम बघायला डिजिटलच लागलं.

दोघं ओट्यावर बसून एकेक फोटो बघू लागले. सगळ्यांवर धुकं होतं. हलकं, दुधासारखं, जणू प्रत्येक माणूस पहाटे शेतात उभा आहे. त्या धुक्यात कौतिकआबांचा चेहरा होता, प्रत्येक सुरकुतीसह, आणि पाय नव्हते. केळीवाल्यांना पाय नव्हते. चंदनचे नवे बूट नव्हते. लिंबाखाली काकू होत्या. त्यांनी तो फोटो बराच वेळ धरून ठेवला. आपण अशा दिसतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पाय नव्हतेच.

मग बारावा आला. त्यात तेच धुकं होतं, आणि त्या धुक्यात लीलाधरभाऊ उभे होते. लिंबाच्या शेंड्यापासून खालच्या मातीपर्यंत सगळं आलेलं. चेहरा बारीक, विजार जरा आखूड, आणि खाली दोन पाय, चपलांसकट. डाव्या चपलेचा अंगठा तुटून तारेने बांधलेला होता, ती तारही दिसत होती.

रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला. भाऊ मोबाइलकडे बघत होते आणि त्यांचं तोंड असं झालं होतं की काकूंना बघवेना. बावीस वर्षं ज्या वाक्याला काकूंनी टोमणे मारले, ते वाक्य आता मेलं होतं, आणि हा माणूस त्याच्या शेजारी बसला होता.

"कॅमेराच खराब शे," काकू एकदम म्हणाल्या. "त्या शेठनी तेल लायी लायी काच वाया घाली. कसं धुकं शे बठ्ठं! मना तो शेवटला चुकीसन उना. तुमना काय दोष नही."

भाऊंनी मोबाइल खाली ठेवला.

"पाय काय धुक्यात गेले का?"

काकूंनी बारावा फोटो पुन्हा बघितला.

"तेल मले तिथंच कळलं होतं," भाऊ म्हणाले. "धुळ्याले. बोटाले वास आला ना खोबरेलचा. जरा स्पिरिट लावून पुसलं असतं तं निघालं असतं."

"मंग पुसं काबर नही?"

भाऊंनी चपलेची तार बोटाने दाबून बसवली. ती पुन्हा वर आली.

"राखून ठेवलं होतं," ते म्हणाले.

पाय नाही आले तर खापर फोडायला ते तेल होतं, हे काकूंना कळायला क्षण लागला. मग त्यांना हसू फुटलं, आधी पदरात, मग उघडं, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. भाऊंनी आधी रागाने बघितलं. मग तेही हसले, पण त्यांचं हसू लवकर थांबलं. ते उठले, आतून कापूस आणि स्पिरिटची बाटली घेऊन आले आणि ओट्यावर बसून खालच्या डोळ्याची काच पुसू लागले. कापूस आधी पिवळट झाला, मग गुलाबी. मोतीलालचे सगळे दसरे त्या कापसावर उतरत होते. काच कोरडी झाल्यावर भाऊंनी कुंकवाची डबी मागितली आणि कॅमेऱ्याच्या वरच्या झाकणावर, जिथे काचेला काही होणार नाही अशा जागी, एक बारीक टिळा लावला. दसऱ्याला अवकाश होता, पण शब्द दिलेला होता.

नूतनने दोन रोल पाठवले होते. दुसरा त्यांनी लगेच भरला.

"उभी राह्य," ते म्हणाले. "दारात."

काकू दारात उभ्या राहिल्या. भाऊ पुढे आले, त्यांच्या खांद्यावरचा पदर सारखा केला आणि मागे वळले. निम्म्यात आले तेव्हा पाय आपोआप थांबले.

"मांगे," काकू म्हणाल्या.

ते हौदापाशी गेले आणि मान खाली घातली.

"आखो मांगे."

ते फाटकाबाहेर गेले. रस्त्यावर आले. एक ट्रक त्यांच्यासाठी थांबला, ड्रायव्हरने हॉर्न दाबला आणि मग मान खाली घातलेला म्हातारा बघून, काही धार्मिक असेल असं समजून, गप्प बसला. मी आमच्या गच्चीवरून बघत होते. भाऊ काचेत वाकले होते आणि चाक फिरवत होते.

"आता तुहा चेहराच दिसत नही नीट," ते रस्त्यावरून ओरडले.

"मना चेहरा ठाऊक शे तुमले," काकू दारातून म्हणाल्या. "पाय काढा."